किती, कुणाला, कुठपर्यंत

बोरिक पावडर, कणीक आणि साखर एकत्र मळून त्याच्या गोळ्या ओट्याखाली आणि फ्रिजमागे ठेवल्या की झुरळं कमी होतात. हा उपाय खरा आहे. साखरेच्या ओढीनं झुरळ गोळी खातं, बोरिक पोटात जाऊन सावकाश काम करतं आणि काही दिवसांत रात्री दिवा लावल्यावर होणारी पळापळ थांबते. मात्र ज्या घरात दोन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू आहे, तिथे ओट्याखालचा कोपरा हा त्या पिल्लाचा मुलूख असतो, आणि कणीक-साखर त्यालाही झुरळाइतकीच आवडते.

घरातल्या अडचणींवरचे तोडगे आणि पाळीव जनावरांचे घरगुती उपचार एकाच पुस्तकात का आणले, असा प्रश्न हा संग्रह हातात घेणाऱ्याला पडेल. त्याचं उत्तर त्या गोळीत आहे. मांजर फरशीवरून चालतं आणि मग बसून पंजे चाटतं, त्यामुळे आपण फरशी ज्यानं पुसतो ते थोडंथोडं त्याच्या पोटात जातं. काळ्या फिनाईलमधली फिनॉलच्या जातीची द्रव्यं मांजराच्या यकृताला पेलत नाहीत. मुंग्यांसाठी ओढायच्या खडूत कृत्रिम पायरेथ्रॉइड असतं. माणसाला त्यानं सहसा काही होत नाही, पण त्या कुळातली काही द्रव्यं मांजराला झटके आणतात आणि टाकीतल्या माशांना मारतात. गोठ्यात गोचिडांसाठी फवारलेलं औषध गाय अंग चाटताना गिळते, आणि तिचं दूध संध्याकाळी चहात पडतं. घर एकच असतं. त्यातल्या एका रहिवाशासाठी केलेला उपाय दुसऱ्याच्या पोटात डोस म्हणून जातो, हे ध्यानात ठेवून लिहिलेलं पुस्तक मराठीत मला तरी यापूर्वी दिसलं नव्हतं.

माझी सारी नोकरी तालुक्याच्या गावांतल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत गेली. त्यामुळे घरगुती उपायांची दोन्ही रूपं मी जवळून पाहिली आहेत. दवाखान्यात येणारं जवळजवळ प्रत्येक जनावर घरचा काही ना काही उपाय होऊनच येतं. कधी त्या उपायानं जनावर तगलेलं असतं, कधी त्यातच मौल्यवान दिवस गेलेले असतात. या विषयाकडे भक्तीनं किंवा तुच्छतेनं पाहणाऱ्यांशी माझं म्हणूनच फारसं जमत नाही.

या ज्ञानाचे प्रवाह अनेक आहेत आणि ते एकमेकांत पूर्ण कधीच मिसळले नाहीत. ग्रंथांचा प्रवाह सर्वांत दिमाखदार. शालिहोत्राच्या नावानं घोड्यांचं वैद्यक चालत आलं, पालकाप्याच्या नावानं हत्तींचं. पालकाप्याचा ‘हस्त्यायुर्वेद’ पुण्याच्या आनंदाश्रमानं १८९४ साली छापला. कल्याणीच्या चालुक्यांतला राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात हत्ती-घोड्यांच्या बरोबरीनं कुत्र्यांवरही स्वतंत्र प्रकरण आहे. पण हे सारं राजाच्या तबेल्याचं आणि शिकारखान्याचं शास्त्र. ज्या जनावराच्या जिवावर युद्ध किंवा मिरवणूक अवलंबून, त्याला ग्रंथ मिळाला. कुणब्याचा बैल आणि घरातलं मांजर तिथे फार तर कडेला उभं राहतं.

बैलाचं वैद्यक तोंडी राहिलं. ते गुराख्याकडे, धनगराच्या वाड्यावर, गावोगाव जडीबुटी घेऊन फिरणाऱ्या वैदूकडे आणि गावातल्या एखाद्या ‘हातगुण असलेल्या’ म्हाताऱ्याकडे होतं. त्यातलं काही सणांतही शिरलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला हळद आणि लोणी किंवा तूप चोळतात. विदर्भात त्याला खांदशेकणी म्हणतात, इतरत्र खांदेमळण. जोखडानं वर्षभर घासलेल्या, टणक झालेल्या कातडीची ती निगा आहे. आता बैलच कमी झाले आणि विधी उरला, ते वेगळं. आणखी एक सांगायला हवं. याच तोंडी परंपरेत लंगडणाऱ्या जनावराला तापल्या लोखंडानं डाग देणंही होतं. परंपरा म्हणून जे आलं ते सगळं शहाणपणाचंच होतं असं मानायचं कारण नाही.

घरातला प्रवाह बायकांचा. त्याची ओळख आपण ‘आजीबाईचा बटवा’ या दोन शब्दांत उरकतो, आणि त्यामुळे त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग नजरेआड होतो. बाळगुटीत मायफळ, मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड, बाळहिरडा हे असायचंच, पण काय घालायचं यापेक्षा किती घालायचं हे तिथे काटेकोर होतं. सहाणेवर प्रत्येक वस्तूचे किती वेढे घ्यायचे हे ठरलेलं असे. वेखंडाचा जेमतेम एक वेढा, दुसऱ्या कशाचे दोन-तीन, आणि बाळ वाढेल तसा हिशेब बदलत जाई. वजनकाटा नसलेल्या घरातली ती मात्रा होती. आज बाजारात मिळणाऱ्या तयार पुडीत वस्तू त्याच असतात, वेढे मात्र गेलेले असतात.

मग छापखाना आला. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ साली निघालं. पुढे लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’ आलं. शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘आर्यभिषक्’ अनेक घरांत पंचांगाशेजारी असे. १९३० साली ‘स्त्री’ मासिक सुरू झालं आणि घरकाम हा लिहिण्या-वाचण्याचा विषय झाला. आकाशवाणीवर ‘वनिता मंडळ’ होतंच. १९७० साली ‘रुचिरा’ आलं, १९७३ पासून ‘कालनिर्णय’ भिंतीवर लागलं आणि त्याच्या पानांमागचा मजकूर हे कित्येक घरांतलं नियमित वाचन होऊन बसलं. या सगळ्या छापील परंपरेचं ऋण मोठं आहे. तिनं एका घरातली युक्ती हजार घरांत नेली. मात्र चौकटीत बसण्यासाठी उपाय दोन ओळींचा झाला. शेजारीण सांगताना जे पुढे जोडायची, की ‘पण बाई, डोळ्याला लागू देऊ नकोस’, ते चौकटीबाहेर राहिलं.

डोळ्याचं उदाहरण मुद्दाम घेतलं आहे. सीताफळाच्या बियांची पूड डोक्याला लावली की उवा मरतात, हे महाराष्ट्रात घरोघर माहीत आहे आणि ते खरंही आहे. हीच पूड कुत्र्याच्या गोचिडांवर आणि गुरांच्या उवांवरही वापरतात. तिचा कण डोळ्यात गेला तर बुबुळाच्या वरच्या थराला गंभीर इजा होते, आणि नेत्रतज्ज्ञांना असे रुग्ण पाहायला मिळतात. जुन्या बायका पूड लावल्यावर डोकं फडक्यानं घट्ट बांधत. ते फडकं हा औषधाचाच भाग होता. कुत्र्याच्या अंगाला ते बांधता येत नाही, आणि अंगावर लावलेलं ते चाटून टाकतं. म्हणून या संग्रहात सीताफळाची पूड जनावरांसाठी दिलेली नाही. हा निर्णय मला पटतो.

आधुनिक पशुवैद्यक आपल्याकडे आलं ते शहरातून आणि सैन्याच्या घोड्यांमागून. परळला १८८६ साली मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. १८८९ साली पुण्यात निघालेली जीवाणूशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा पुढे मुक्तेश्वरला गेली आणि तिचीच आज भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली आहे. गावंच्या गावं उजाड करणारी बुळकांडी लसीनं हटली, आणि २०११ साली ती जगातून संपल्याचं जाहीर झालं. घटसर्प आणि फऱ्यासाठी पावसाळ्याआधी लस टोचायची असते. या रोगांवर कुठल्याही पाल्याचा रस चालत नाही. ही गोष्ट वादाच्या पलीकडची आहे, म्हणून तिच्यावर अधिक शब्द खर्च करत नाही.

खरी गंमत मधल्या पट्ट्यात आहे, जिथे घरचा उपाय काम करतो आणि का करतो तेही सांगता येतं. कडधान्याला लागणारा भुंगा घ्या. मादी दाण्याच्या सालीवर अंडं चिकटवते, अळी तिथूनच आत शिरते आणि आपल्याला दाण्यावर गोल भोक दिसतं तेव्हा पुढची पिढी बाहेर पडलेली असते. तूर किंवा मूग साठवताना एरंडेलाचा हात फिरवला की अंड्यांवर तेलाचा थर बसतो आणि ती गुदमरतात. मादीलाही तेलकट दाण्यावर अंडी घालणं जमत नाही. राखेत ठेवलेल्या धान्याचं गणित निराळं. राखेचे बारीक कण दाण्यांमधल्या फटी भरतात, किड्याला हिंडायला जागा ठेवत नाहीत आणि त्याच्या अंगावरचं मेणाचं आवरण खरवडून त्याला सुकवतात. कणगी शेणमातीनं लिंपायची, सांगलीजवळच्या हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत भरून तोंड बंद करायचं, यामागे आतली हवा कोंडणं हेच तंत्र. तेल, राख, कोंडलेली हवा, यांपैकी काहीही विष नाही. किड्याचा श्वास आणि ओलावा हिरावून घेणारे हे उपाय आहेत, म्हणून ते शतकानुशतके खाण्याच्या धान्यात निर्धास्त चालले.

याच ओळीत नंतर नव्या वस्तू येऊन बसल्या. तांदळाला बोरिक चोळणारी घरं आजही आहेत. धुऊन घेतो ना, असं म्हणतात. बोरिक हे अन्नात चालणारं द्रव्य नाही. धान्याच्या डब्यात पाऱ्याच्या गोळ्या ठेवतात. त्याहून वाईट म्हणजे गोदामासाठी असलेल्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या लोक घरातल्या पोत्यात टाकतात. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून फॉस्फीन वायू सुटतो, आणि बंद खोलीत त्या पोत्यांशेजारी झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत. अशा बातम्या आपण वाचतो आणि ‘अपघात’ म्हणून पान उलटतो. ‘धान्यात काहीतरी घालून ठेवायचं’ एवढी सवय शिल्लक राहिली आणि ते काहीतरी कोणतं असावं याचं भान गेलं, असं मला वाटतं.

गोचिडाची कथाही अशीच उद्बोधक आहे. लोक कुत्र्याला कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळ घालतात, हातानं गोचीड काढतात, आणि आठवड्यात पुन्हा तेवढीच सापडली की उपायाला नावं ठेवतात. कुत्र्यावरचं तपकिरी गोचीड कुत्र्यावर फक्त जेवायला येतं. आयुष्यात तीनदा, आणि दरवेळी जेवण झालं की खाली उतरतं. त्याचा संसार भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत, पलंगाच्या सांध्यात असतो, आणि एक मादी तिथे हजारोंनी अंडी घालते. कुत्रा धुवून भिंत तशीच ठेवली तर उपाय अर्धाच झाला. इथे घराची डागडुजी आणि कुत्र्याचं औषधपाणी ही एकच गोष्ट होते. फटी बुजवणं, चुना देणं, कुत्र्याचं अंथरूण उकळत्या पाण्यातून काढणं आणि सोबत डॉक्टरांनी दिलेलं औषध, असं सगळं एकदम केलं तर गोचीड हटतं. रॉकेल चोपडणं, तंबाखूचं पाणी लावणं, पेटत्या काडीनं चटका देणं हे सारे जुने प्रकार कुत्र्यालाच महागात पडतात. तंबाखूतलं निकोटीन कातडीतूनही शरीरात जातं. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायचं, एवढं पुरतं.

भटक्या कुत्र्यांच्या खरजेवर गॅरेजातलं जळकं ऑइल ओतणारे दयाळू लोक प्रत्येक गावात असतात. करंजाचं तेल आणि गंधक हा खरजेचा जुना उपाय, आणि त्यातलं गंधक खरजेच्या किड्यावर खरोखर चालतं. त्या उपायातलं बहुधा ‘काळपट तेल माखायचं’ एवढंच कुणाच्या तरी लक्षात राहिलं असावं. जळकं ऑइल कुत्रा चाटतो, ते यकृत-मूत्रपिंडात जातं, आणि कातडी आधी होती त्याहून जास्त सोलवटते. रोगापेक्षा इलाज भयंकर, हे याला शब्दशः लागू पडतं.

आता ‘कुणाला’ या प्रश्नाकडे. माणूस, गाय, कुत्रा आणि मांजर यांची शरीरं औषध पचवण्याच्या बाबतीत एकमेकांची लहान-मोठी रूपं नाहीत. यकृतात औषधाला एक साखरेसारखा रेणू जोडून ते बाहेर काढायची जी सोय आपल्यात आहे, ती मांजरात फार तोकडी असते. तापावर आपण सहज घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फोडतात. तरीही ‘लसणीनं गोचीड पळतं’ हा सल्ला फिरत असतो. द्राक्षं आणि मनुका काही कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पाडतात, म्हणजे प्रसादाचा शिरा आणि शेवयांची खीरही बेतानं. मांजराला दूध हा तर आपला लाडका समज. वाढलेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि ती ढाळतात. कुत्र्याचं अंग हाताला गरम लागलं की घरचे म्हणतात ताप आहे. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. कोरड्या नाकावरूनही काही ठरत नाही. दहा-पंधरा वेळा दवाखान्याची फेरी वाचवणारी एकच वस्तू सांगा म्हटलं तर मी घरात एक वेगळा थर्मामीटर ठेवायला सांगेन.

गोठ्यात प्रश्न वस्तूपेक्षा पद्धतीचा असतो. ओला लसूणघास किंवा कोवळा हिरवा चारा भरपूर खाऊन म्हशीचं पोट फुगलं, तर गोडंतेल पाजणं हा घरचा उपाय पशुवैद्यकालाही मान्य आहे. पोटात साबणाच्या फेसासारखा फेस झालेला असतो आणि तेल त्याचे बुडबुडे फोडतं, गॅस सुटा होऊन ढेकरेवाटे निघतो. पण नळीनं पाजताना कुणीतरी जीभ बाहेर ओढून धरतं. जीभ धरली की जनावराला गिळता येत नाही, आणि तेल श्वासनलिकेत जातं. औषध बरोबर होतं, पण पोटफुगीतून वाचलेलं जनावर मग फुप्फुसाच्या आजारानं जातं. पुस्तकात या जागी तेलाच्या मापाआधी जनावराचं डोकं किती वर धरायचं हे दिलं आहे. क्रम बरोबर आहे.

घराच्या सफाईत एवढी जीवघेणी बाब क्वचित येते, पण येते तेव्हा चटकन येते. संडासाच्या ॲसिडमध्ये ब्लिचिंग पावडर मिसळली तर क्लोरीन वायू सुटतो, आणि दिवाळीच्या साफसफाईत ‘दोन्ही घातलं की जास्त स्वच्छ’ असं मानणारी माणसं खोकत बाहेर पळतात. बाकी चिंचेनं तांबं उजळणं, रिठ्यानं रेशमी साडी धुणं, लिंबानं नळावरचा पांढरा थर काढणं हे आम्लाचे आणि फेसाचे साधे खेळ. तेच लिंबू संगमरवरावर पडलं तर चकाकी जाते, कारण नळावरचा थर आणि संगमरवर रसायन म्हणून सख्खे भाऊ. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फसफसवणाऱ्या चित्रफिती पाहायला छान असतात. ते दोघं एकमेकांना निकामी करतात आणि मागे खारट पाणी उरतं. तुरटीनं गढूळ पाणी निवळतं, जंतू मरत नाहीत. उकळणं चुकत नाही. बाळाच्या दुपट्यांत डांबरगोळ्या ठेवण्याबद्दल मात्र ठामपणे सांगतो. काही बाळांच्या तांबड्या पेशींत एका विकराची जन्मतः कमतरता असते, आणि नॅफ्थलीनच्या वासानं त्या पेशी फुटून बाळाला कावीळ चढते. लोकरीच्या कपड्यांत वेखंडाचे तुकडे ठेवण्याची जुनी पद्धत इथे अधिक बरी.

हे सगळं आजच का मांडायचं? एक तर उपाय सांगणारी व्यक्ती आणि करणारी व्यक्ती यांची गाठ आता पडत नाही. मोबाइलवर आलेल्या उपायाला गाव नसतं. कोकणातल्या दमट हवेतली युक्ती लातूरच्या कोरड्या उन्हाळ्यात आणि गाईसाठीचं माप फ्लॅटमधल्या पर्शियन मांजराला, असं बिनदिक्कत होतं. शहरांत कुत्री-मांजरं वाढली आहेत आणि ती पाळणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरात याआधी एकही जनावर नव्हतं, त्यामुळे पाहून शिकायला कुणी नाही. शिवाय ‘नैसर्गिक’ या शब्दाला बाजारात भाव आला आहे. कापूर नैसर्गिकच, निकोटीनही नैसर्गिक. पायरेथ्रॉइडाचं मूळही शेवंतीच्या कुळातल्या फुलातच आहे.

दुसऱ्या बाजूनं घरच्या उपायांची खरी गरजही वाढली आहे. गाईची कास सुजली की प्रतिजैविकाची ट्यूब सडात सोडायची आणि दूध बाजारात जाऊ द्यायचं, हे चालतं तेव्हा औषधाचा अंश आपल्या पोटात येतो आणि जंतू त्या औषधाला सरावतात. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं काससुजीसाठी कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम आणि चुना १५ ग्रॅम यांचा लेप गावोगाव शिकवला, तो या चिंतेतून. सड पूर्ण पिळून, कास धुऊन, दिवसातून अनेकदा लेप लावायचा, तोही सुरुवातीच्या सुजेत. इथे घरचा उपाय ग्रॅममध्ये बोलतो. या विषयात गेल्या काही दशकांत घडलेली सर्वांत चांगली गोष्ट कोणती, असं विचारलं तर मी याकडे बोट दाखवेन. २०२२ साली लम्पी महाराष्ट्रात पसरला तेव्हा शेळीच्या देवीची लस हा मुख्य आधार होता. सोबत विड्याची पानं, मिरे, मीठ आणि गूळ यांची गोळी आणि जखमांवरचे लेप हेही लोकांनी वापरले. दोन्ही एकमेकांच्या आड आले नाहीत. त्या काळात आड आल्या त्या अफवा.

आणि काही ठिकाणी घरचा उपाय घराच्या दारातच थांबला पाहिजे. कुत्रं चावलं की जखमेवर तिखट, चुना, हळद भरणं आजही चालतं. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात, ही जुनी भीतीही काहींच्या मनातून गेलेली नाही. ती लस देशातून केव्हाच हद्दपार झाली, आताची दंडात टोचतात. घरी करण्यासारखं एकच आहे: वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुणं, आणि मग थेट दवाखाना. आजाराची लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजमधून माणूस जवळपास कधीच वाचत नाही. विंचवाचंही तसंच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशात हृदय आणि फुप्फुसं कशी कोलमडतात हे कोकणातल्या रुग्णांवरून दाखवलं आणि प्राझोसिन या स्वस्त गोळीचा उपयोग जगापुढे आणला. त्याआधी मंत्र, पाला, कांदा यांवर विसंबलेली माणसं दगावत होती. वाडीवस्तीवरच्या माणसांना मूर्ख म्हणणं सोपं आहे. त्यांच्या हाताशी दुसरं काही नव्हतं, हे म्हणणं अधिक खरं. पिल्लाला पार्व्होची रक्ती हगवण लागली, मांजरानं दोन दिवस अन्न तोंडात घेतलं नाही, बोक्याची लघवी अडली, अशा वेळीही घरातला प्रत्येक तास उधारीचा असतो.

संपादकांनी पुस्तकाची मांडणी आजारांच्या किंवा वस्तूंच्या यादीनं केलेली नाही. घरातल्या जागांवरून केली आहे: ओटा, कोठी, न्हाणीघर, कपाट, गच्ची, अंगण, गोठा. प्रत्येक जागेत कोण कोण वावरतं हे आधी येतं, उपाय नंतर. प्रत्येक उपायाखाली तीन गोष्टी छापल्या आहेत. माप, कुणाला चालणार नाही, आणि किती वेळात फरक दिसला नाही तर थांबायचं. मला यातली तिसरी सर्वांत मोलाची वाटते, कारण आजवरच्या घरगुती उपायांच्या पुस्तकांत ‘गुण येईपर्यंत करावे’ हेच वाक्य असे, आणि न आलेल्या गुणाची वाट पाहण्यातच नुकसान होई. जिथे उपाय चालतो पण कारण कळलेलं नाही, तिथे ‘अनुभव आहे, कारण माहीत नाही’ असं सरळ लिहिलं आहे. अशा नोंदी बऱ्याच आहेत आणि त्या काढून टाकल्या नाहीत, याबद्दल संपादकांचं अभिनंदन.

एका बाबतीत माझं त्यांच्याशी जमलं नाही. कडुनिंब त्यांनी फार ठिकाणी दिला आहे. त्याच्या पाल्यात आणि तेलात गुण आहेत हे खरं, पण तेल मांजराला नको आणि गाभण जनावराला पाजायलाही नको. हे एकदा सुरुवातीला सांगून भागणार नाही, प्रत्येक ठिकाणी हवं, असा माझा आग्रह होता. काही जागी त्यांनी तो मानला, काही जागी पुनरुक्ती नको म्हणाले. वाचकांनी कडुनिंब दिसेल तिथे ही ओळ मनानं जोडून घ्यावी.

पक्षी आणि मासे या खंडात नाहीत. पोपटाला किंवा टाकीतल्या माशाला एका थेंबाचा फरकही सोसत नाही आणि त्यांच्याबद्दलचा घरगुती अनुभव आपल्याकडे अजून विस्कळीत आहे, म्हणून ते बाजूला ठेवले. कोंबड्या मात्र आहेत, अंगणाच्या भागात. शेवटच्या कोऱ्या पानावर जवळच्या पशुवैद्यकाचा आणि रुग्णालयाचा फोन लिहायला जागा सोडली आहे. पुस्तक घरी आणल्यावर आधी ती भरावी आणि मग ओट्यापासून वाचायला सुरुवात करावी.